कागद कोणाचा?

वैशाली गेल्याचा फोन आला तेव्हा मी खालापुरात न्हाव्याच्या खुर्चीत बसलो होतो. अर्ध्या तोंडाला साबण लागलेला. फोन तिच्या भावाचा होता. "गुरुजी, ताई गेली," एवढंच म्हणाला आणि मग नुसता त्याचा श्वास ऐकू येत राहिला. मी विचारलं, "कुठे गेली?" एकाहत्तर वर्षांचा माणूस मी, उभा जन्म पोरांना शब्दांचे अर्थ शिकवण्यात गेला, आणि मी विचारलं, कुठे गेली... आंघोळीला म्हणून उठली ती न्हाणीच्या दारातच कोसळली. डोक्यात रक्तस्राव झाला होता. पनवेलला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. वय त्रेचाळीस. मी पंच्याने तोंड पुसलं आणि तसाच कर्जतची एसटी धरून दहिवलीला पोचलो. तिच्या आईने, म्हणजे आमच्या सुमनवहिनींनी, मला पाहून हंबरडा फोडला, "गुरुजी, तुमची वैशू हो..." अर्धी दाढी केलेला म्हातारा दारात उभा होता, पण माझ्या तोंडाकडे त्या दिवशी कोणी पाहिलं नाही. त्याला आता सात आठवडे झाले.

गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना आपण चांगलं तेवढं लिहितो. मलाही तसंच काहीतरी गोड लिहून मोकळं व्हायचं होतं. हुशार, मनमिळाऊ, परोपकारी, वगैरे. असली विशेषणं मी पोरांना निबंधासाठी पाठ करायला लावत असे. पण वैशालीबद्दल लिहायचं तर मला माझ्याबद्दलही लिहावं लागतं, आणि तिथेच पेन अडतं.

दहिवलीच्या शाळेत ती चौथीला माझ्या वर्गात होती. तेव्हा फुकट गणवेश मिळणाऱ्या मुलांची यादी आली की मी ती वर्गात खड्या आवाजात वाचत असे. ज्याचं नाव आलं तो उठून उभा राहायचा, बाकीचे फिदीफिदी हसायचे. एकदा मधल्या सुट्टीत ही टेबलाशी आली. तिचं नाव यादीत नव्हतं, तिच्या वडिलांची भातशेती होती आणि वर रेल्वेत नोकरी. तरी म्हणाली, "गुरुजी, ती यादी हळू नाही का वाचता येणार? ज्याची त्याला ऐकू येईल एवढी?" मी तिला शहाणपणा शिकवू नकोस म्हणून पिटाळलं. पुढच्या वर्षीही यादी मोठ्यानेच वाचली. माझा आवाज चांगला होता ना.

ती शिकली, इंजिनिअर झाली, पुण्याच्या एका कंपनीत लागली. वहिनींचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा घरून काम करायची परवानगी घेऊन दहिवलीला परत आली. मी तोवर निवृत्त होऊन मुलाकडे खालापूरला राहायला गेलो होतो. एकदा मी तिला विचारलं, "तुझं काम तरी काय गं? हे क्लाउड क्लाउड म्हणतात ते काय?" ती हसली. "काही नाही गुरुजी, दुसऱ्याच्या घरातलं कपाट. आई गावाला जाताना आपली पेटी शेजारी ठेवते ना? ठेवावीच लागते, त्यांचं घर पक्कं आहे. पण पेटीला कुलूप आपलं आणि किल्ली आपल्या कनवटीला. लोक काय करतात, पेटी ठेवतात आणि किल्लीही तिथेच देऊन येतात. मग शेजारी कोण येतं, कोण पेटी उघडून बघतं, कोणाला ठाऊक? ती किल्ली ज्याची त्याच्याकडे राहावी, एवढंच माझं काम." मला ते तेव्हा पटलं. पटणं आणि अंगी लागणं यांत फरक असतो.

तालुक्यात आमची एक लहानशी संस्था आहे. डोंगरवाड्यांमध्ये जाऊन सिकलसेलची रक्ततपासणी करायची, हे तिचं काम. मी तिथे वडीलधारा म्हणून, म्हणजे रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, तसा. वैशाली रविवारी येऊन तपासणीच्या नोंदी सांभाळायची. हा रक्ताचा आजार आईबापांकडून येतो. काही जण नुसते वाहक असतात. त्यांना स्वतःला काही होत नाही, धडधाकट असतात, पण दोन वाहकांचं लग्न झालं तर मुलाला आजार होऊ शकतो. म्हणून ही माहिती हवी, आणि म्हणूनच ती जपायला हवी. तरण्या मुलीच्या नावापुढे 'वाहक' लिहिलेलं चारचौघांत गेलं तर काय होईल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

ज्या वाडीबद्दल मी सांगतोय तिथे एक रीत आहे. बाहेरून आलेला कुठलाही कागद झाडाखाली सगळ्यांसमोर वाचायचा. एकदा नाही, दोनदा, दोन वेगवेगळ्या माणसांनी. दोघांचे शब्द जुळले तरच अंगठा. आणि वाचणाऱ्याने मधे थांबायचं नाही. थांबला म्हणजे काहीतरी गाळतोय. दोन पिढ्यांमागे एका बाबूने घरात बसवून एक वाचलं आणि कागदावर दुसरंच होतं. डोंगराखालची चांगली जमीन त्यात गेली. तेव्हापासूनची ही रीत. वाडीतली सगळ्यांत जुनी बाई, तिला सगळे आय म्हणतात, झाडाच्या बुंध्याशी बसून ऐकायची. त्यांची आपसातली बोली निराळी, आमच्याशी बोलताना ती खालच्या गावची बोलायची. "कागूद बंद खोलीत वाचला की त्यो चावतो," म्हणायची. वैशालीला ही रीत फार आवडायची. पण निकाल असे वाचता येणार नाहीत, ज्याचा त्यालाच सांगायचे, हे तिने आयला दहा वेळा पटवलं होतं. आय मोठ्या नाखुशीने हो म्हणाली होती.

दुसऱ्या तपासणीच्या आदल्या दिवशी वैशाली वहिनींना घेऊन मुंबईला डॉक्टरकडे गेली होती. फोन लागत नव्हता. वाडीतून मला फोन आला. एका मुलीचा. दहावी पास झालेली, वाडीचे कागद वाचणारी दुसरी ती असायची. "गुरुजी, आय म्हनती, उद्याच्या नावांचा कागूद दोनदा वाचल्याबिगर कोणी हात पुडं करनार नाय." माझा गुडघा सुजलेला, वर चढणं शक्य नव्हतं. नावांची यादी वैशालीच्या फाइलमध्ये होती, मला ती उघडायची, बदलायची परवानगी होती. मी त्या फाइलची लिंक वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. उत्तर आलं, "उघडत नाय, परवानगी मागतंय." मग मी फोनशी खटपट केली आणि 'लिंक असलेला कोणीही' असं जे होतं त्यावर बोट ठेवलं. फोनने पुन्हा एकदा विचारलंही, नक्की का म्हणून. मी हो म्हटलं. आणि जमलं की आपल्याला या वयात, म्हणून सुनेला दाखवलं.

त्या फाइलला खाली दुसरं पान होतं. त्यावर पहिल्या तपासणीचे निकाल होते.

पुढचं मी पाहिलेलं नाही, ऐकलंय. पहिल्या वाचणाऱ्याने नावं वाचली आणि संपलं म्हणाला. मग ती मुलगी वाचायला बसली. तिला फोन जास्त कळत होता, दुसरं पान तिला दिसलं. "अजून हाय," ती म्हणाली. आयला वाटलं, नावंच असतील आणखी. "ऱ्हायलंय ते बी वाच." आणि ती वाचत गेली. नाव, निकाल. नाव, निकाल. लोक एकमेकांकडे बघायला लागले, पण वाचताना थांबायचं नसतं. मध्यावर तिचं स्वतःचं नाव आलं. तिने ते वाचलं. पुढचा शब्दही वाचला. आवाज हलला नाही म्हणतात. तिचं लग्न ठरलेलं होतं आणि होणाऱ्या सासरचं माणूस त्याच गर्दीत बसलं होतं. आठवडाभरात लग्न मोडलं. मुलाचीही तपासणी केली असती तर कदाचित काहीच अडलं नसतं, पण हे ऐकायला कोण बसलं होतं? पोरीचं रगात नासकं, एवढे तीन शब्द डोंगर उतरून गेले. लिंक त्याआधीच उतरली होती.

झाडाखाली वाचन झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, ठरलेल्या तपासणीला, मी आणि वैशाली वर गेलो. गुडघ्याला फडकं बांधून मी चढलो. काय झालं ते रात्रीच माझ्या कानावर आलं होतं, माझ्या हातून झालं हे तिला वाटेत सांगायचं ठरवलं होतं. पहिल्या वळणावर सांगू, मग म्हटलं ओढ्यापाशी सांगू... आणि झाड आलं. तपासणीला एकही माणूस नव्हता. आय एकटी बसली होती. तिने वैशालीला बस म्हटलं नाही.

"कागूद कोणाचा?" आयने विचारलं.

"माझा," वैशाली म्हणाली.

"तू धाडलास?"

मी माझ्या वहाणांकडे बघत होतो. डाव्या वहाणेचा अंगठा उसवला होता, हे मला आजही आठवतं. वैशाली म्हणाली, "कागद माझा होता, आय. तो नीट ठेवायचं काम माझं होतं." खोटं बोलली नाही ती. आय म्हणाली, "आमची जमीन गेली त्या कागदात लबाडी व्हती. तुज्या कागदात तर समदं खरं व्हतं गं. खऱ्यानं बी मानूस मरतंय, ह्ये आमाला ठावं नवतं. जा आता."

आम्ही डोंगर उतरलो. पळसदरीच्या स्टेशनाबाहेर आम्ही चहा घेतला, तिने तो तसाच ठेवला. मी काही बोलणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "गुरुजी, कोणाकडून झालं ते शोधायचं नाही. नावं आणि निकाल एका फाइलमध्ये ठेवले, ही माझी चूक. तेवढी पुरे आहे." हे ऐकून माझ्या जिवात जीव आला. हो, जिवात जीव आला, लपवण्यात काय अर्थ आहे? वर्गात खिडकीची काच फुटली की मी पोरांना म्हणत असे, कबूल करा, छडी निम्मी होईल. एखादा रडत रडत उठायचा. त्या आठ-नऊ वर्षांच्या पोरांमध्ये होती तेवढी हिंमत मला झाली नाही. मी तिचा उरलेला चहासुद्धा प्यायलो.

त्यानंतर दोन वर्षं ती दर रविवारी वर जायची. सगळी व्यवस्था तिने नव्याने रचली. नावाच्या जागी नुसता आकडा. कुठला आकडा कोणाचा, हे फक्त त्या त्या घरातल्या कार्डावर. माहिती फोनमधून बाहेर पडायच्या आधीच तिला कुलूप लागायचं आणि किल्ली त्या घराकडे राहायची. "आता मलाही वाचता येत नाही, गुरुजी," ती सांगायची. कशाची नोंद होणार, कुठे राहणार, कोण बघणार, कधी पुसणार, हे सगळं साध्या मराठीत लिहून ती झाडाखाली दोनदा वाचून घ्यायला तयार होती. नियम चारचौघांत, निकाल कानात, असं तिने ठरवलं होतं. पण ऐकायला माणूस नव्हतं. ती जाऊन बसायची, कोंबड्या फिरायच्या, पोरं लांबून बघायची. दोन वर्षांत तीन घरं परत आली. त्या मुलीचं घर आलं नाही. ती मुलगी खालच्या एका फार्महाउसवर पाहुणे असतील तेव्हा भांडी घासते. वैशाली दिसली की घराचं दार लागायचं.

आणि मी? मी गुडघा सांगायचो. गुडघा खरंच दुखायचा, ही त्यातली आणखी वाईट गोष्ट.

आमची शेवटची भेट खालापूरच्या एसटी स्टँडवर झाली, जाण्याआधी पंधरा दिवस. ती कसल्याशा सहीसाठी तालुक्याला आली होती. वाळली होती, डोळ्यांखाली काळं आलेलं. म्हणाली, "गुरुजी, एकदा वर येता का माझ्याबरोबर? तुम्ही चार शब्द बोललात तर ऐकतील." मी म्हटलं, "जरा थंडी संपू दे गं." तिने माझ्याकडे बघितलं. "काही बोलायचंय का तुम्हाला?" असं विचारलं. तेव्हा मला ते सहज विचारल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "जेवत जा वेळेवर." तिची गाडी लागली. तिने खिडकीतून हात केला.

तेराव्यानंतर वहिनींनी संस्थेचे कागद माझ्या हवाली केले. त्यात शंभर पानी वही होती. तिच्या धंद्यात अशी पद्धत आहे म्हणे, काही बिघडलं की काय झालं, कसं झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, हे लिहून ठेवतात. कोणावर बोट ठेवायचं नाही. त्या दिवसाचं, त्याच संध्याकाळी लिहिलेलं पान मी उघडलं. तिच्या नीटस अक्षरात, शाळेत मीच घोटून घेतलेल्या, लिहिलं होतं: 'दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी परवानगी बदलली गेली. माझ्या खात्यावरून नाही. खातं कोणाचं ते दिसतं. इथे लिहायची गरज नाही.' खाली 'कोण' असा शब्द आणि पुढे रेघ. रेघेवर काहीही नाही.

म्हणजे तिला पहिल्या संध्याकाळपासून ठाऊक होतं. आयने विचारलं तेव्हा, मी वहाणांकडे बघत उभा होतो तेव्हा, तिला ठाऊक होतं. स्टँडवर विचारलं तेव्हाही. माझंही नाव तिने जपलं, वाडीतल्या माणसांची जपली तसंच, आणि त्यासाठी दोन वर्षं स्वतः त्या झाडाखाली बसून राहिली... मी वही मिटली आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून सून धावत आली. मी तिला सांगितलं, गुडघा.

मग मी हा लेख लिहिला. पहिल्यांदा लिहिला तो सगळा, काहीही न लपवता. तो छापायला पाठवायच्या आधी वाडीत दोनदा वाचला गेला पाहिजे, एवढं मला कळत होतं. गेल्या रविवारी काठी घेऊन एकटाच चढलो. आयला सांगितलं, कागद आणलाय. तिने पोरांना घरोघर धाडलं. माणसं आली, लांब लांब बसली. त्या दिवशी ती मुलगीही घरी होती, फार्महाउसचे पाहुणे आले नव्हते. पहिला मी वाचला. न थांबता. परवानगी मी बदलली, हे वाक्य आलं तेव्हा कोणीतरी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणालं. मी वाचत राहिलो. वाचून झाल्यावर आयने मानेनेच त्या मुलीला खूण केली.

ती आली, कागद घेतला, उभ्यानेच वाचायला लागली. स्वच्छ आवाज. शब्द जुळत होते. दुसऱ्या पानाच्या मध्यावर येऊन ती थांबली.

त्या ओळीत मी तिचं नाव लिहिलं होतं. बापाच्या नावासकट, वाडीच्या नावासकट, आणि पुढे तो शब्द. मला वाटत होतं, मी खरं लिहितोय. मला वाटत होतं, तिला न्याय देतोय.

त्या झाडाखाली आजवर कोणी वाचताना थांबलं नव्हतं. पण कोणीही 'पुडं वाच' म्हटलं नाही. आयसुद्धा नाही.

"गुरुजी, ह्यो पेपरात छापनार?" तिने विचारलं.

"हो."

"मंग माजं नाव कशाला पायजे?"

दोन वर्षांपूर्वी फोनवर केलं तेच मी आता शाईने करायला निघालो होतो, आणि त्याला पश्चात्ताप म्हणत होतो. तिने पेन मागितलं. आपलं नाव खोडलं, बापाचं खोडलं, वाडीचं, आयचं, मुलाकडच्यांचं खोडलं. "बाकी ऱ्हाऊ द्या. ताईचं ऱ्हाऊ द्या," म्हणाली आणि उरलेला कागद शेवटपर्यंत वाचला. मी हात जोडले. माफ कर पोरी, असं काहीतरी म्हणायला गेलो. ती माझ्याकडे बघतही नव्हती. "ताई दारात येऊन पानी मागायची, गुरुजी. मी आत असायची. ऐकायची आन् गप ऱ्हायाची. दोन वरसं. ते मी आता कोणाला सांगू?"

ती भांडी घेऊन ओढ्याकडे निघून गेली. माणसं उठली. मी काठी शोधत बसलो होतो, ती माझ्या हातातच होती.

घरी येऊन मी त्या कागदावरून हा लेख पुन्हा उतरवून काढला. उतरवताना लक्षात आलं की कागद उजेडासमोर धरला तर खोडलेल्या रेघांखालून तिचं नाव वाचता येतं. लेख पुरा झाल्यावर मी तो कागद परसातल्या चुलीत घातला आणि राख होईपर्यंत तिथून उठलो नाही. मग वैशालीची वही काढली. 'कोण' या शब्दापुढच्या रेघेवर माझं नाव लिहिलं, पूर्ण, या लेखावर आहे तेच. आणि वही वहिनींना परत द्यायला दहिवलीला गेलो. त्यांनी ते पान उघडलं, चष्मा लावला आणि उभ्या उभ्या वाचलं. मग वही छातीशी धरून आत गेल्या. मी ओट्यावर बराच वेळ बसून होतो. चाळीस वर्षं त्या घरी जातोय, त्या दिवशी पहिल्यांदा मला कोणी चहा विचारला नाही.